जवळचं

नऊ नंबरचा चष्मा.
काच इतकी जाड की तिच्या कडेशी
रिओनी नदी वाकून वाहते.
कुतैसीच्या शाळेत मला ‘बाटलीचं बूड’ म्हणायचे.
तेव्हापासून पैसे साठवते आहे लेझरसाठी.
तेव्हा लेझर नव्हता, तरीही.

बाद्री म्हणतो, आई, वीस मिनिटांचं काम.
त्याच्या बायकोनं बातुमीला करून घेतलं,
तिसऱ्या दिवशी उघड्या डोळ्यांनी समुद्र पाहिला
आणि घरी येऊन मला म्हणाली,
तुमच्या भिंतींना भेगा आहेत.

डॉक्टर तेकले नातीच्या वयाची.
हनुवटी इथे. कपाळ टेकवा. माझ्या कानाकडे बघा.
उजेडाची एक बारीक चीर
डोळ्यातून सावकाश फिरली,
चोर घरात हिंडावा तशी.
मग तिनं स्टूल मागे सरकवलं.
लेझर, ती म्हणाली, खिडकीची काच घासतो.
तुमची काच धडधाकट आहे, एतेरीताई.
पिवळा पडलाय तो आतला पडदा.
मोतीबिंदू.

मी चाळीस वर्षं चांदीत मीना भरते.
केसाएवढी तार वाकवून खण पाडायचे,
खणात काचेची पूड,
मग आठशे अंशांची भट्टी.
मोती कधी बसवला नाही.
मोत्याला आग सोसत नाही.
आणि हा न विचारता येऊन बसलाय,
दोन्हीकडे, फुकटात.

मी हुज्जत घातली.
म्हटलं, पैसे लेझरचेच आणलेत,
काच घासून द्या, पडद्याचं मी बघेन.
ती म्हणाली, घासलेल्या खिडकीतूनही
पडदाच दिसेल.
दोन वर्षांनी परत याल,
तेव्हा भिंगाचं माप घेताना मीच चाचपडेन.

आणि मग तिनं असं काही विचारलं
जे देवानंही विचारलं नव्हतं:
भिंग मी बसवणार आहे. कुठलं देऊ?
जवळचं की लांबचं?

घरी सगळे एका सुरात, लांबचं.
लांबचं म्हणजे डोंगर.
लांबचं म्हणजे बसचा नंबर,
पुलावरून येणारा माणूस उधारीवाला की भाऊ
हे तो पोचायच्या आत कळणं.
अंझोर तेवढा गप्प होता.
शेजारच्या बाकावर तोही तीस वर्षं तार वाकवतो,
डोळ्याला भिंग अडकवून.
मी काहीच न लावता बघते
याचा त्याला कायम राग.

रात्री चष्मा काढला, हात नाकाशी आणला.
अर्धी वीत.
एवढंच माझं राज्य होतं,
पण त्यात बोटावरची एकेक रेघ माझी.
आईला वाटे पोरगी अर्धी आंधळी.
या अर्ध्यानंच घर चाललं.
आता तिथेही धुकं.

सकाळी फोन केला. जवळचं, म्हटलं.
म्हणजे चष्मा राहील, तेकले म्हणाली, पातळ, पण राहील.
राहू दे, त्याच्याशिवाय नाकाला थंडी वाजेल.

उजवा डोळा झाला.
पट्टी निघाली तेव्हा नर्सचा अंगरखा
इतका निळा होता की मी दचकले.
कार्यशाळेत गेले, खण उघडला.
गेल्या सात-आठ वर्षांतली पदकं, कानातली,
शांत, संध्याकाळच्या पाण्यासारखा
म्हणून भरलेला निळा
तिथे बोंबलत बसला होता.
माझा पडदा निळा गिळत गेला
आणि मी चमच्या-चमच्यानं वाढत गेले.
नाझीनं हेच पदक मुलीच्या लग्नात घातलं.
काही बोलली नाही.
अंझोरही काही बोलला नाही,
आणि त्याला तर दिसत होतं.

डाव्या डोळ्याची तारीख सोमवारची.
तोवर दर चार तासांनी थेंब,
डोकं खाली घालायचं नाही,
भट्टीजवळ जायचं नाही.

पदक हातात घेते.
उजवा मिटते.
हा बघा, आहे अजून,
मी भरला होता तो निळा.